सोनाजी बसलाय

बद्रीनाथ सरांचा 'ऊठबस' हा कॉलम पंचवीस वर्षं दर रविवारी छापून आला. निवडणुकीला कोण उभा राहिला आणि कुणाला दमदाटी करून किंवा पदाचं गाजर दाखवून बसवलं, याचा त्यात पंचनामा असायचा. अजिंठ्याच्या स्टँडवरच्या हॉटेलात एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. पुढारी सरांना टरकून असत.

मग चॅनलवाल्यांनी त्यांना राजकीय विश्लेषक केलं. शहरातल्या छावणी भागातल्या घरी पुस्तकांच्या कपाटापुढं बसून, कानात बटण खुपसून सर मुंबईच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागले. कॉलमात हजार शब्द मिळायचे. इथं पहिल्या वाक्याला मान डोलवायची आणि दुसरं तोडायचं, अशी रीत. सरांना ते जमेना, आणि चेहरा ओळखीचा झाल्याचं सुखही सोडवेना. माणूसच तो, चालायचंच.

त्या विधानसभेला मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला सोनाजी अपक्ष उभा राहिला. चराईची रानं मेंढरांना मोकळी व्हावीत, एवढीच त्याची मागणी. त्याच्या लोकांचे हाल पेपरात पहिल्यांदा सरांनीच मांडले होते, त्यामुळं तो सरांना फार मानायचा. त्यानं बसावं म्हणून बड्या लोकांनी अर्ज मागं घ्यायची मुदत टळल्यावरही जंग जंग पछाडलं, पण गडी हलला नाही.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी त्याच्या सभेची परवानगी ऐनवेळी नाकारली. सोनाजीनं तहसीलसमोर ठाण मांडलं. सर सकाळी स्वतः त्याला भेटून आले. हा अन्याय आज सांगायचाच, असं ठरवून दुपारी कॅमेऱ्यापुढं बसले. चॅनलवरच्या बाईंनी विचारलं, सोनाजी आज प्रचारात कसे दिसत नाहीत?

"सोनाजी सकाळपासून बसलाय," सर म्हणाले, आणि पुढचं सांगायला त्यांनी दम घेतला.

तेवढ्यात बाईंनी मोठी बातमी जाहीर केली. पडद्यावर लाल पट्टी धावली : सोनाजी यांची माघार. त्या बाईंना तरी काय बोलायचं? बसला म्हणजे माघार घेतली, हे अख्ख्या जिल्ह्याला सरांनीच तर घोकून घोकून शिकवलं होतं. अहो, तहसीलसमोर बसलाय, असं सर घसा ताणून ओरडत राहिले. त्यांची बायको वच्छलाबाई आतून धावत आल्या आणि म्हणाल्या, तुमचा आवाज केव्हाच बंद केलाय त्यांनी.

सरांनी चॅनलला सतरा फोन केले. उचलणारा दरवेळी बघतो म्हणायचा. संध्याकाळी पट्टी गेली, पण तोवर सरांचं ते एक वाक्य गावोगावच्या मोबाइलवर पोचलं होतं. प्रचाराची मुदत संपल्यानं सोनाजीचा भोंगा पाचलाच बंद झालेला. दारोदार फिरून तो किती जणांना सांगणार? सरांचा खुलासा पेपरात आला तो पुढच्या रविवारी, आणि मतदान बुधवारीच उरकलं होतं. पंचवीस वर्षांची लेखणी हाताशी असून सरांना काही म्हणजे काही करता आलं नाही.

निकालात सोनाजीचं डिपॉझिट गेलं. दोन दिवसांनी तो छावणीत आला. सरांनी हात जोडले, त्यानं ते धरून खाली केले.

"राग नाय सर. पर माझी माय मत द्याया गेलीच नाय. म्या लई सांगितलं, मी बसलो नाय म्हणून. तर म्हनती, सर कशाला खोटं बोलतील? तूच इकला गेलास. बोलत नाय माझ्याशी. तुमी एकडाव येऊन सांगा."

सर त्याच पावली निघाले. सोनाजीच्या आईसमोर, सुगंधाबाईंसमोर घोंगडीवर बसून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःची चूक कबूल केली. म्हातारीनं एक शब्द न तोडता ऐकून घेतलं. मग सरांच्या पाठीवरून हात फिरवत ती हळूच म्हणाली,

"तुमालाबी दम दिला व्हय त्यांनी?"