देवघरातला वायफाय

आमचे शेजारी जालिंदरराव सैन्यात बिनतारी संदेशाचं काम करत, हे उंब्रजमध्ये ठाऊक नसलेला माणूस कालच जन्मलेला असावा. खंडेनवमीला त्यांनी हत्यारांसोबत वायफायचा डबाही पुजला आणि मोठ्या मानानं देवघरातच ठेवला, भजनाच्या ब्लूटूथ स्पीकरला खेटून. दोन्ही उपकरणं एकाच लहरींवर चालतात. जवळ बसवली की एकमेकांना बोलू देत नाहीत.

लडाखहून त्यांच्या सैन्यातल्या लेकाचा, प्रथमेशचा, वायफायवर फोन येई तो नेमका दिवेलागणीच्या भजनात. लेकाचं एक वाक्य सलग ऐकायला जालिंदररावांच्या बायको बाळाबाई तरसल्या होत्या.

"वहिनी, तुमचा मायक्रोवेव्ह लय तरास देतोय," जालिंदररावांनी निदान केलं. देशसेवा म्हणून मी आठवडाभर गार दूध प्याले. आवाज तुटतच राहिला.

काल फोन वाजताच बाळाबाईंनी भजन बंद केलं आणि स्पीकर उचलून पडवीत नेला.

"आगं, देवाचं चाललंय!"

"आवं, देव रोजच ऐकतोय. आज मला माझं पोरगं ऐकू द्या!"

"आई, रविवारी सुट्टीवर येतोय," प्रथमेश खणखणीत बोलला. बाळाबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या उत्तर देणार तोच जालिंदररावांनी फोन ओढून घेतला आणि लेकाला सिग्नल या विषयावर मार्गदर्शन सुरू केलं.