सुनंदा मॅडमचा हरवलेला किल्ला

सुनंदा मॅडम कुठल्याही इमारतीत शिरल्या की आधी विचारायच्या, "इथं पूर्वी काय होतं हो?" हडपसरच्या आयटी कंपनीत मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मलाही हेच विचारलं. माहीत नाही म्हणालो. "मग प्रोग्रॅम काय कपाळ तपासणार आपण?" त्या आमच्या टेस्टिंगच्या प्रमुख. झोडताना लहानथोर पाहत नसत, म्हणून मला फार आवडायच्या.

आयटी पार्क होण्याआधी त्याच आवारात त्यांच्या वडिलांचं लहानपणचं घर होतं. विहीर, चिंच, बांध, सगळं बुलडोझरखाली सपाट झालेलं. वडील थकत चालले होते आणि एकदा जागा दाखव म्हणत होते. "नक्की जागा सापडल्याशिवाय नेऊन दाखवू काय? पार्किंग?" असं म्हणत मॅडम टाळत राहिल्या.

अशात कंपनीने आम्हा दोघांना स्कॉटलंडला पाठवलं. आम्ही राहत होतो त्या गावात मध्ययुगात एक किल्ला होता म्हणे, पण कुठे, ते खुद्द गावालाच ठाऊक नव्हतं. दगडसुद्धा उरला नव्हता. मॅडमना हे सहन होईना. दर रविवारी मला घेऊन त्या शेतं तुडवायच्या. "जुन्या गढीची माती पांढरी असते. आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल." एका टेकाडावर पांढरी माती सापडलीही. मॅडमनी विजयी मुद्रेने शेतकऱ्याला बोलावलं. माणूस सभ्य होता. गेल्या हंगामात आपण तिथे चुन्याचा ढीग उतरवला होता, असं त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं.

वर, किल्ल्याच्या आठवणीत गाव दरवर्षी करतं त्या वनभोजनाचं आमंत्रणही दिलं. गेलो, तर गावकरी गवतावर चादरी अंथरून निवांत खात बसलेले. "किल्ला इथेच होता कशावरून?" मॅडमनी विचारलं. एक आजीबाई म्हणाल्या, "मागच्या वर्षी पलीकडे बसलो होतो. तिकडे आज ओल आहे." मॅडमनी दुसरा केक मागून घेतला.

पुण्यात परतल्यावर पहिल्याच शनिवारी त्या वडिलांना ऑफिसच्या आवारात घेऊन आल्या. मीही होतो. "बाबा, नक्की कुठं ते नाही सापडलं मला," म्हणताना त्यांचा आवाज पडला होता.

बाबा हिरवळीवर मांडी घालून बसले. "हितंच कुठंतरी हाय की. डबा सोड, भूक लागलीय."

तेवढ्यात इथे बसायला मनाई आहे, हे सांगायला सुरक्षारक्षक आला. मॅडमनी भाकरी मोडत वर पाहिलं.

"आम्ही आमच्या घरी जेवतोय," त्या म्हणाल्या. "बसा तुम्हीही."