पहिला डबा तिचाच

नवरा चिंचोळीच्या कारखान्यात कामाला लागला आणि पिठाची गिरणी एकट्या सावित्रम्माच्या अंगावर पडली. पहिल्या आठवड्यात जो जास्त ओरडेल त्याचं दळण ती आधी घ्यायची. ज्वारी, मग गहू, मग डाळ, परत ज्वारी. दर वेळी गिरणी झाडण्यातच दिवस जायचा आणि डबे पार दारापर्यंत साचायचे.

सोमवारी तिनं फरशीवर खडूनं तीन रेघा ओढल्या. आधी सगळी ज्वारी, मग गहू, शेवटी डाळ. मी माझा गव्हाचा डबा पुढं सरकवला, तर म्हणाली, "काका, ओरडा की किती बी. रेघ हलत न्हाय."

दुपारपर्यंत फरशी मोकळी झाली. तरी मला एक गोष्ट खुपत होती. रोज सकाळी पहिला डबा ती स्वतःच्या ज्वारीचा ओतायची. एकदा मी बोललोच, "आमाला रांग, अन् तुझा डबा पहिला व्हय?"

तिनं गिरणीवर थाप मारली. "कालची डाळ दगडाला चिकटून ऱ्हाती, काका. पहिल्या दळणात ती उतरती. ती कुणाच्या भाकरीत घालू, सांगा की."