मंगळाचा राजा, मुक्काम टेंभी नाका

ज्या घरात दर महिन्याला पगार येतो त्या घरात किस्से फारसे होत नाहीत. आमच्या टेंभी नाक्याच्या घरात सध्या तेच तेवढे आहेत. शेजारणी हसतात, मीही सांगता सांगता हसते. मग त्या आपापल्या घरी जातात आणि मी बेबीला मांडीवर घेऊन बसते.

आमचे हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. यांचे बाळमित्र दिनूभाऊ यांनी पिक्चर काढायचं ठरवलं. मंगळावरचे लोक येऊन पृथ्वी जिंकतात, अशी स्टोरी. यांनी दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा टाकली आणि घरी येऊन सांगितलं, "मी मंगळाचा राजा झालो."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हिची पत्रिका बघताना मंगळ नाही ना, एवढं तपासलं होतं. आता तो माझ्याच पोटचा निघाला."

हेडमास्तरांनी तेव्हाच बजावलेलं, दिवाळीनंतर जागा धरून ठेवणार नाही. ते वाक्य मला झोपेतही ऐकू येई.

राजाला पत्र्याचं डोकं हवं होतं. ते माझ्या स्वयंपाकघरातून गेलं. पिठाचा डबा! यांनी डोळ्यांपुरती भोकं पाडली, पण आतून पुसला नाही. उन्हात घाम आला, पीठ भिजलं आणि डबा काढला तर चेहऱ्यावर पांढरी खरखरीत साल चढलेली.

दिनूभाऊ खूश. म्हणाले, "वाहवा, मेकअपमन वाचला!"

मी म्हटलं, "भाऊजी, ती रेशनची ज्वारी होती."

शूटिंग बाळकुमच्या पुढं, खाडीकाठच्या मिठागरात. पांढरी जमीन, झाड नाही, झुडूप नाही. दिनूभाऊंच्या मते मंगळावरच्यांना उतरायला हीच जागा बरी. पहिल्या दिवशी राजा आणि त्याचं सैन्य मिठात पाय टाकणार, तेवढ्यात चांगुणाबाय आडवी आली. तिथं मीठ ओढणारी, वयानं सगळ्यांत मोठी.

"चपल्या काढा आदी. लोकां खातान ह्ये मीठ."

दिनूभाऊ म्हणाले, "अहो बाई, हे परग्रहावरचे आहेत."

"कुठलं का असंनात. चपल्या काढा."

सगळ्या सैन्यानं चपला काढून बांधावर ओळीनं ठेवल्या. आमच्या पिक्चरमध्ये पृथ्वी अनवाणी जिंकली आहे.

रॉकेट रॉकेलच्या डब्यांचं. ते तिथंच ठेवून लोक घरी जात. एका सकाळी कॅमेरा सुरू झाला, रॉकेटचं दार उघडलं आणि राजाच्या आधी चार कोंबड्या बाहेर आल्या. मागून चांगुणाबायची सून धावत आली, "दार लावा रं, खुडूक बसलीय येक आतमदी."

दोन दिवस शूटिंग बंद. रॉकेटमध्ये अंडी होती.

मग घाबरून पळायचा सीन आला. मिठागरातली माणसं काही पळेनात. बघून हसायची. एकानं तर राजाला पाण्याचा तांब्या दिला. दिनूभाऊ ओरडून ओरडून थकले, "अरे, हे तुम्हाला मारायला आलेत!"

चांगुणाबाय म्हणाली, "ह्यो? ह्याला सोताला उबं ऱ्हावत नाय."

खरं घाबरलं फक्त एक माणूस. मी जेवणाचा डबा घेऊन गेलेले, कडेवर बेबी. बापाला त्या रूपात बघून ती जी किंचाळली ती निळी पडली. दिनूभाऊ म्हणाले, "वहिनी, उद्या पण आणा हिला."

घरी आल्यावर ती यांच्याकडे जाईना. अंग तापलं होतं. हे समोर बसून म्हणत होते, "बेबी, अगं मीच." ती माझ्या पदरात तोंड घालून बसलेली.

दिवाळी झाली. मी सासूबाईंना न सांगता हेडमास्तरांच्या घरी गेले, त्यांच्या मंडळींपुढं रडले. त्याचा उपयोग झाला म्हणायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी हेडमास्तर स्वतः मिठागरात आले. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. चपला काढून बांधावरून चालत थेट राजासमोर उभे राहिले. कॅमेरा घरघरत होता.

"मास्तर, उद्यापासून वर्गावर येताय? दुसरा माणूस शाळेत येऊन बसलाय. मला आज त्याला सांगायचंय."

दिनूभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "कट नाही. हलू नकोस. राजा माणसांशी बोलत नाही."

हेडमास्तरांनी पुन्हा विचारलं, "येताय ना?"

हे तलवार उगारून तसेच उभे. मी जेवण घेऊन आलेले, बांधावरून ओरडले, "अहो, हो म्हणा!" डोक्यावरचा डबा हलला नाही.

हेडमास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. छत्री उघडली आणि आल्या वाटेनं निघाले.

दिनूभाऊ दुसरीकडे बघत राहिले. यांनी डबा काढला, धापा टाकत कॅमेरावाल्याला विचारलं, "आला ना सगळा सीन?"

तो कॅमेऱ्यावर फडकं टाकत होता. म्हणाला, "मास्तर, रीळ दिवाळीआधीच संपलंय. दिनूभाऊ म्हणाले, नुसता फिरवत राहा, नाहीतर माणसं घरी जातील."

हे म्हणाले, "रीळ आलं की परत घेऊ. हेडमास्तरांना थांबवा कुणीतरी, अजून बांधावरच असतील."