मिशीआडचे सर

त्या सलूनवाल्याच्या जिभेला विश्रांती म्हणून ठाऊक नव्हती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं, की कात्री आणि तोंड एकदमच सुरू. आणि नशिबानं थट्टा करावी तर ती अशी, की नेमकं याच बडबड्याच्या धाकट्या मुलीला ऐकू येईनासं झालं. लहानपणी तापानं फणफणली होती बिचारी. ताप उतरला, पण कान गेले ते गेलेच. कानाला मशीन लावलं तरी तिला नुसता गलका कळायचा, शब्द नाही.

शब्द ती ओठांवरून वाचायची. आणि ते शिकली कुठे, तर याच दुकानात. शाळा सुटली की कोपऱ्यातल्या स्टुलावर येऊन बसायची आणि समोरच्या मोठ्या आरशात बापाचं आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघत राहायची. सराव काय, हवा तेवढा! "माझी बडबड कुणाच्या तरी कामी आली बघा," असं सलूनवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचा. त्याची बायको म्हणायची, "भाग्यवान आहे पोर. तुमचा कंटाळा आला की डोळे मिटून घेते. आम्ही काय करायचं?"

धाकटीला वेड वायरिंगचं. घरातला पंखा कुरकुरला की ही स्टूल घेऊन हजर. शाळा संपल्यावर तिनं तंत्रशाळेत वायरमनच्या वर्गाला अर्ज केला, तेव्हा प्राचार्यांनी बरेच आढेवेढे घेतले. म्हणाले, ऐकू न येणाऱ्या मुलींची वेगळी शाळा आहे की. ती शाळा होती लांबच्या शहरात, राहायचं वसतिगृहात, आणि शिकवायचे काय, तर शिवणकाम. धाकटीला सुई बघितली तरी जांभई यायची. दोन-तीन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. शेवटी वायरिंग शिकवणारे सर मध्ये पडले. "बसू दे माझ्या वर्गात. बघू काय होतं ते," एवढंच म्हणाले, आणि धाकटीला प्रवेश मिळाला.

सलूनवाल्याला हे उपकार कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. कारण हे सर त्याचं जुनं, दर रविवारचं गिऱ्हाईक. आणि सरांची मिशी म्हणजे काय मिशी होती महाराजा! वरचा ओठ पार झाकून खालच्या ओठावर उतरलेली, दोन्ही टोकं गालांवर ऐटीत वळवलेली. रस्त्यानं जाणारी मुलं मान वळवून बघायची. ती मिशी घडवली होती सलूनवाल्यानंच. आता उपकाराची फेड म्हणून तो तिची दुप्पट सेवा करायला लागला. कापायची कमी, वाढवायची जास्त. मेण लावून, बारीक कंगव्यानं विंचरून ती अशी दाट केली, की खालचा ओठसुद्धा शोधावा लागावा. हात जोडून आभार मानणं त्याला जमत नव्हतं, म्हणून तो हे करत होता. बापाचं काळीज हो, दुसरं काय!

वर्गात काय चाललंय असं विचारलं की धाकटी म्हणायची, "छान चाललंय." तीनचार महिने सगळ्यांना ते खरंच वाटलं. मग एका शनिवारी दुपारी ती वेळेआधीच घरी आली. चेहरा पांढराफटक, ओढणीला जळका वास.

कार्यशाळेत फळीवर जोडणी करायची होती. सरांनी बजावलं होतं, मी तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही. "समजलं ना?" असं प्रत्येकाला विचारलं, तशी धाकटीनंही मान हलवली. आणि पाचव्या मिनिटाला स्विच खाली ओढला. फाटकन आवाज, ठिणग्या, सगळ्या कार्यशाळेत अंधार. कुणाला लागलं नाही, पण प्राचार्य धावत आले आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं: सोमवारपासून या मुलीनं यायचं नाही. तिच्याही जिवाला धोका, इतरांच्याही.

आईनं तिला जवळ घेतलं. बाप मात्र भडकला. "अगं, सरांनी एवढं सांगितलं, तू मान हलवलीस, आणि तरी स्विच ओढलास? त्या माणसानं तुझ्यासाठी शब्द टाकला होता!"

धाकटी म्हणाली, "मला त्यांचं काहीच कळत नाही, बाबा. पहिल्या दिवसापासून. सरांना ओठच नाहीत."

"ओठ नाहीत म्हणजे?"

तिनं स्वतःच्या तोंडावर आडवी बोटं धरली. "इथे नुसते केस हलतात."

सलूनवाल्याचा राग जागच्या जागी विरला. ते केस कुणी वाढवले? कुणी मेण लावून खाली वळवले? दर रविवारी आपण आपल्याच पोरीचे कान बंद करत होतो, हे कळल्यावर त्याला रडावं की डोकं आपटून घ्यावं ते समजेना. "मग सांगितलं का नाहीस?" त्यानं विचारलं. "कसं सांगणार?" धाकटी म्हणाली. "ज्यांनी मला वर्गात घेतलं, त्यांना म्हणू, मिशी काढा?"

रविवारी सर आले. नेहमीसारखे खुर्चीत बसले, पण तोंड उतरलेलं. "वाईट झालं हो," आरशात बघत म्हणाले. "पण मी तरी काय करू? ती सारखी हो म्हणते आणि उलटंच करते."

सलूनवाल्यानं हातात वस्तरा घेतला होता. एकदा मनात आलंच, की हात चुकल्यासारखं करावं आणि अर्धी मिशी उडवावी; उरलेली अर्धी ते स्वतःच काढायला सांगतील. पण छे! वस्तरा हातात धरून माणसाला फसवूही नये आणि काही मागूही नये. त्यानं वस्तरा खाली ठेवला, हात पुसले आणि खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

"सर, ती हो म्हणते ते कळल्यामुळे नाही. पुन्हा विचारलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या तिला बघवत नाहीत. तिला तुमचे ओठ दिसत नाहीत, सर. दोष तुमचा नाही. मिशी मी राखली."

सरांचा हात आपसूक मिशीवर गेला. ते आरशात बघत राहिले. सलूनवाल्याला वाटलं, आता हा माणूस उठून चालू लागणार आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही.

"लग्नाआधीची आहे हो ही," सर म्हणाले. आणि मग खुर्चीत पाठ टेकून डोळे मिटले. "घ्या. लवकर उरका, नाहीतर माझं मन बदलेल."

सलूनवाला कामाला लागला. आधी कात्री, मग साबण, मग वस्तरा. खालून निघाला एक फिकट, पातळ, काहीसा लाजरा ओठ. सरांनी डोळे उघडले आणि दचकलेच. "अरे देवा! हा तर माझा धाकटा भाऊ!"

सलूनवाल्यानं मागच्या दारातून हातानं खूण करून धाकटीला बोलावलं. ती आली, आणि कोण अनोळखी माणूस बसलाय म्हणून दारातच थबकली. सरांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली.

"काल मी स्विचबद्दल काय सांगितलं, ते कळलं होतं तुला?"

सवयीनं तिची मान हलायला लागली. ती तशीच थांबली. डोळे त्या नव्या ओठांवर खिळले. "नाही सर," ती म्हणाली.

"चूक माझी झाली, पोरी. उद्या वर्गात यायचं. प्राचार्यांना काय सांगायचं ते मी बघतो, वर्ग माझा आहे."

सलूनवाल्याचे डोळे भरून आले. "सर, तुमचे उपकार आम्ही जन्मात..."

"ते राहू द्या हो," सर म्हणाले, आणि पुन्हा धाकटीकडे वळले. "आता सांग, वर्गात आणखी काय काय अडतं तुझं?"

"तसं काही नाही हो सर, ती सांभाळून घेते," सलूनवाला घाईघाईनं म्हणाला.

"मी तिला विचारलं."

धाकटीनं एकदा बापाकडे पाहिलं. मग स्टूल ओढलं आणि सरांच्या समोर बसली. "तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता," ती म्हणाली. "खिडकीसमोर उभे राहता, तेव्हा तुमचा चेहरा काळा दिसतो. मागच्या बाकावरून कुणी उत्तर दिलं तर कोण बोललं ते कळत नाही, मी शोधेपर्यंत ते बोलून झालेलं असतं. आणि सगळे हसतात तेव्हा मीही हसते, पण कशाला ते मला कुणी सांगत नाही..."

सर मान डोलावत ऐकत होते. गळ्यात अजून पांढरं कापड, हनुवटीला साबण. दारात पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि घड्याळाकडे बघायला लागलं.

"थोडं थांबावं लागेल," सलूनवाला त्याला हळूच म्हणाला. "माझी मुलगी बोलतेय."