टिकल्यांचं मतदान
बायकोनं आरशावर चिकटवलेली लाल टिकली दिसली की मला सेलूची कापसाची जिनिंग गिरणी आठवते. तिथं मी मुकादम होतो. एकदा शहरातून आलेल्या प्रशिक्षकानं मालक शेठजींपासून कापूस निवडणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना एकत्र बसवलं. कामाच्या जागी काय बदल हवा त्याचं चित्र काढा, म्हणाला, आणि आवडेल त्या चित्रावर मत म्हणून गोंदाचा कागदी ठिपका चिकटवा. चर्चा होऊन शेवटी भिंतीवर दोन चित्रं उरली, शेठजींची काचेची केबिन आणि बायकांसाठी संडास. पण टेबलावर सोलून ठेवलेल्या ठिपक्यांच्या गोंदावर उडता कापूस बसला आणि एकही ठिपका चिकटेना. "चला, राहू द्या मतदान," शेठजी खुशीत म्हणाले. तशी एक मावशी उठली. "ऱ्हाऊ कसं द्यावं शेठजी? संडास न्हाई म्हनून आमी दिसभर पानी पित न्हाई." तिनं कपाळाची टिकली काढून संडासाच्या चित्रावर लावली. पाठोपाठ सगळ्याजणी उठल्या आणि चित्र लालभडक झालं. "घ्या मुकादम, लाजू नका," म्हणत मावशीनं मलाही तिच्याजवळच्या टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली दिली. मी पुढं झालो, तोच शेठजींनी डोळे वटारले आणि घाबरून ती मी स्वतःच्याच कपाळाला लावली. आधी बायका हसल्या, मग शेठजीही, आणि हसता हसताच म्हणाले, "बांधा!" केबिन अजून चित्रातच आहे. मी मात्र आरशावरची टिकली आधी कपाळाला लावून बघतो, मग दाढी करतो.