राखण

कॅथेड्रलच्या दाराशी मी सवयीने बुटाची नाडी सोडायला वाकले, तेव्हा हेच म्हणाले, "अगं, इथे बूट काढत नाहीत." मध्ययुगातली ती प्रचंड दगडी वास्तू, आणि माणसं खुशाल बूट घालून आत जात होती. मला बरंच वाटलं. लग्न झाल्यापासून प्रत्येक देवळाबाहेर हे चपला सांभाळत थांबले आणि मी आत गेले. माझ्यापायी यांचं दर्शन हुकतं, म्हणून देवाकडे मी आधी यांच्यासाठी मागायचे. आज पहिल्यांदाच जोडीने आत जाणार होतो.

"चला," मी म्हणाले.

"तू ये जाऊन. मी थांबतो इथे."

तोच मायेचा आवाज.

आत रंगीत काचांमधून उतरलेलं निळं-तांबडं ऊन फरशीवर सांडलं होतं. त्या उंच छताखाली मी हात जोडले, पण यांच्यासाठी काही मागवेना. हा माणूस इतकी वर्षं कुणापासून लांब राहायला बाहेर थांबत होता, देवापासून की माझ्यापासून?

परतले तेव्हा हे पायरीवर निवांत ऊन खात बसले होते. शेजारी राखायला काहीही नव्हतं.